दुपारी तीनचा कोंदटपणा: फिल्टर बदलूनही तीच तक्रार परत का येते?

सेंट्रल एसी असलेल्या ऑफिसच्या तक्रारवहीत एकाच मजल्यापुढे तीच ओळ चौथ्यांदा दिसली, की समजावं, आपण दुरुस्ती केलेलीच नाही. "हवा कोंदट आहे. डोकं जड होतं. डोळे चुरचुरतात." पहिल्या वेळी आम्ही फिल्टर धुतले. दुसऱ्या वेळी नवे बसवले. तिसऱ्या वेळी कुणीतरी सुगंधी फवारा मारून मोकळं झालं. चौथ्या वेळी डक्ट, म्हणजे हवा वाहून नेणारे पत्र्याचे बोगदे, साफ करणाऱ्यांना बोलावलं, त्यांनी निघालेल्या धुळीचे फोटो दाखवले, सगळ्यांचं समाधान झालं. तीन आठवड्यांनी वहीत पुन्हा तीच ओळ, फक्त अक्षर वेगळं.

मी इमारतींच्या देखभालीत बरीच वर्षं आहे आणि हा खेळ अनेक ठिकाणी पाहिला आहे. बहुतेक वेळा मशीन बिघडलेलं नसतंच. कुणीतरी कधीतरी एक वेगळी अडचण सोडवायला काहीतरी केलेलं असतं आणि ते कुठे लिहून ठेवलेलं नसतं. ते शोधायचं कसं, ते पुढे सांगतो.

आधी घड्याळ बघा

पाना हातात घेण्याआधी गेल्या दोन-तीन महिन्यांच्या तक्रारी काढा आणि प्रत्येकीपुढे वार आणि वेळ लिहा. वहीत वेळ नसेल तर आजपासून लिहायला लावा. "हवा खराब आहे" यातून काहीच कळत नाही. "सोमवारी सकाळी आल्या आल्या वास येतो" यातून निम्मं निदान होतं.

सकाळी ठीक, अकरा-साडेअकराला जडपणा, दुपारच्या सुट्टीनंतर थोडं बरं आणि तीन-साडेतीनला सगळ्यात वाईट: हा ताज्या हवेचा तुटवडा. माणसं बसून श्वास घेतात, कार्बन डायऑक्साइड साठत जातो, सुट्टीत मजला रिकामा झाला की थोडा उतरतो आणि परत चढतो. बाहेरची हवा ताशी एकदा बदलत असेल, तर पातळी जिथे स्थिरावायची तिथे पोचायला साधारण तीन तास लागतात. म्हणून नऊला आलेली माणसं बारापर्यंत कुरकुरायला लागतात, साडेनऊला नाही.

सोमवारी सकाळी वास आणि तासाभरात गायब: सुट्टीत बंद राहिलेलं काहीतरी. याकडे नंतर येतो. रोज सकाळी ठरावीक अर्धा तास धुराचा वास: ताजी हवा ओढणारी जाळी गाड्यांच्या वाटेवर किंवा जनरेटरच्या धुरांड्याजवळ आहे का ते पाहा. फक्त ढगाळ दिवशी कोंदट: व्हीएव्ही बॉक्स (गरजेप्रमाणे हवा कमी-जास्त सोडणारे डबे) असलेल्या इमारतीत हे हमखास होतं. उष्णता कमी म्हणून बॉक्स आपोआप मिटत येतात, हवा कमी होते, आणि तिच्यातला ताजा वाटाही कमी होतो. थर्मोस्टॅट खूश, माणसं नाखूश. बॉक्सची किमान हवा माणसांच्या संख्येवरून ठरवलेली आहे की नुसत्या थंडाव्यावरून, ते तपासा.

मीटर घ्या, पण त्याच्यावर आंधळा विश्वास नको

कार्बन डायऑक्साइड ऑफिसात ज्या पातळीला असतो त्या पातळीला तो विष नव्हे. तो फक्त सांगतो की आत किती जणांचा उच्छ्वास फिरतोय आणि बाहेरची हवा किती येतेय. ही युक्ती जुनी आहे. म्युनिकच्या मॅक्स फॉन पेटनकोफर यांनी १८५८ साली ०.१ टक्के, म्हणजे १,००० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत हजार भाग), ही खोलीतल्या चांगल्या हवेची मर्यादा सुचवली. आजही लोक तोच आकडा धरून चालतात. बाहेरच्या हवेत सध्या साधारण ४२० पीपीएम असतो, शहरात रस्त्यालगत थोडा जास्त.

मीटर घेताना एक गोष्ट नक्की विचारा: आत एनडीआयआर, म्हणजे अवरक्त किरणांनी वायू मोजणारा, सेन्सर आहे का? स्वस्त मीटर बऱ्याचदा कार्बन डायऑक्साइड मोजतच नाहीत. ते हवेतली रसायनं हुंगतात आणि त्यावरून अंदाजाचा आकडा पडद्यावर टाकतात. एकदा लादी पुसणाऱ्या बाई शेजारून गेल्या आणि असल्या मीटरने एकदम २,३०० दाखवलं. त्या मजल्यावर तेव्हा आम्ही तीनच जण होतो.

चांगल्या सेन्सरचीही एक खोड आहे. बरेच सेन्सर स्वतःला आपोआप जुळवून घेतात. गेल्या काही दिवसांत दिसलेला सगळ्यात कमी आकडा म्हणजे बाहेरची हवा, असं ते गृहीत धरतात. रात्री आणि सुट्टीला रिकाम्या होणाऱ्या ऑफिसात हे चालून जातं. जिथे चोवीस तास शिफ्ट चालते तिथे मजला कधीच ४२० पर्यंत उतरत नाही, आणि बिचारा सेन्सर ६५० लाच ४०० समजायला लागतो. मग बीएमएसच्या, म्हणजे इमारतीची यंत्रं सांभाळणाऱ्या संगणकाच्या, पडद्यावर सगळं हिरवं आणि खाली माणसं जांभया देतायत. म्हणून दर वेळी आधी मीटर घेऊन बाहेर जा, दहा मिनिटं थांबा आणि तिथला आकडा लिहा. तो ४०० ते ४५० च्या आसपास नसेल, तर आतल्या आकड्यांवर चर्चा करण्यात अर्थ नाही.

आत मीटर ठेवायचा तो बसलेल्या माणसाच्या तोंडाच्या उंचीवर, पण तोंडासमोर नको. डिफ्युझरच्या, म्हणजे छतातून हवा सोडणाऱ्या जाळीच्या, खाली नको, खिडकीपाशी नको. दोन-तीन दिवस तसाच ठेवून नोंद होऊ द्या. एकदाच जाऊन घेतलेला आकडा दाखवायला बरा असतो, निदानाला कमी पडतो.

नोंद मिळाली की संध्याकाळचा भाग पाहा. माणसं गेल्यावर पंखा चालू असेल, तर आकडा कसा उतरतो त्यावरून हवा किती बदलते ते काढता येतं. समजा साडेसहाला १,४०० होता आणि साडेसातला ९१०. बाहेरचे ४२० वजा केले तर ९८० चे ४९० झाले, म्हणजे तासाभरात निम्मे. याचा अर्थ बाहेरची हवा ताशी साधारण ०.७ वेळा बदलतेय. तासाभरात जेमतेम शंभरेक पीपीएम उतरत असेल, तर मजला जवळजवळ बंद डब्यासारखा चाललाय.

मशीनमध्ये ताजी हवा खरंच येते का?

यासाठी तोच एक मीटर तीन ठिकाणी न्यायचा: मजल्यावरून मशीनकडे येणाऱ्या परतीच्या हवेत, मशीनमधून बाहेर पडणाऱ्या पुरवठ्याच्या हवेत, आणि इमारतीबाहेर. तीन वेगळे मीटर वापरू नका, त्यांच्या आपापसातल्या फरकातच उत्तर बुडून जाईल. परतीतून पुरवठा वजा करा, परतीतून बाहेरचा वजा करा, पहिल्याला दुसऱ्याने भागा. हा ताज्या हवेचा वाटा. तापमानावरूनही हे निघतं, पण आत-बाहेर पाच-सहा अंशांचाही फरक नसेल तर तो हिशेब फसवतो.

डक्ट सफाईनंतरही तीच तक्रार परत आली, तेव्हा मी हे केलं. परतीत १,७१०, पुरवठ्यात १,६६०, बाहेर ४३०. पन्नास भागिले १,२८०, म्हणजे चार टक्के. मीटरच्या चुका धरल्या तर शून्यच म्हणा ना. आणि बीएमएसवर ताज्या हवेचा डॅम्पर (हवा कमी-जास्त करणारी झडप) वीस टक्के उघडा दिसत होता.

मी एएचयू रूममध्ये, म्हणजे हवा थंड करून मजल्यावर पाठवणारं मशीन असतं त्या खोलीत, गेलो. मोटर खरोखर वीस टक्क्यांवर फिरून थांबलेली होती, म्हणजे पडदा खोटं बोलत नव्हता. पण मोटरचा दांडा ज्या चापाने डॅम्परच्या सळईला घट्ट धरतो, त्या चापाचा नट सैल होता, आणि त्याच्या कडांवर पान्याचे ओरखडे ताजे चकचकीत होते. बाकी सगळ्या लोखंडावर धूळ, फक्त तिथे चमक. दांडा फिरत होता, सळई जागच्या जागी. डॅम्परची पाती मिटलेली आणि त्यांच्यावर धुळीचा सलग थर, बोटाने रेघ ओढता येईल असा. टॉर्च आत घातला तर जाळीच्या आतल्या बाजूला तारेने बांधलेला एक मोठा पुठ्ठा. फिल्टरच्याच खोक्याचा. त्यावर बाण छापलेला होता: हवेची दिशा.

रात्रपाळीच्या ऑपरेटरला विचारलं. त्याने आढेवेढे घेतले नाहीत. "मीच लावलाय साहेब. दमट दिवसांत कोपऱ्यातल्या डिफ्युझरमधून टेबलावर पाणी ठिबकायचं. त्या मॅडमचा लॅपटॉप भिजला. पुठ्ठा लावला आणि ठिबकणं बंद झालं."

तो चुकला नव्हता. त्याच्यासमोर ठिबकणारं पाणी होतं आणि ते त्याने थांबवलं. बाहेरची दमट हवा थांबली, खोलीतला दमटपणा उतरला, डिफ्युझरच्या थंड पत्र्यावर पाणी साचेना. पण पाणी मुळात का ठिबकायला लागलं? मागे जात गेलो तेव्हा कळलं, त्याआधी दोन महिने वीज वाचवायची म्हणून चिलरचं, म्हणजे पाणी गार करणाऱ्या यंत्राचं, पाणी सात अंशांऐवजी दहावर ठेवलं होतं. हवा ज्या थंड नळ्यांवरून जाते ती कॉइल तेवढी थंड राहिली नाही, हवेतली वाफ पुरेशी निथळेना. मजल्यावर तापमान चोवीसच दिसत होतं, म्हणून कुणाच्या ध्यानात आलं नाही. दमटपणा कुणी मोजतच नव्हतं.

म्हणजे साखळी अशी: विजेची बचत, त्यातून दमटपणा, त्यातून ठिबक, त्यातून पुठ्ठा, त्यातून कोंदटपणा, आणि शेवटी बिचारा फिल्टर. पुठ्ठा नुसता काढून टाकला असता तर पुढच्या दमट आठवड्यात दुसरा पुठ्ठा लागला असता. तक्रार परत येते ती अशी.

यात एकट्या ऑपरेटरला का बोलायचं? १९७३ च्या तेलटंचाईनंतर ऊर्जा वाचवायला बऱ्याच ठिकाणी ताजी हवा अशीच कमी केली होती. अमेरिकेतल्या ॲश्रे या एसी-इंजिनिअरांच्या संस्थेच्या १९८१ च्या मानकात धूम्रपान न होणाऱ्या ऑफिसासाठी माणशी ताजी हवा मिनिटाला फक्त ५ घनफूट धरली होती. १९८९ मध्ये ती २० करावी लागली.

दुरुस्तीचा क्रम

आम्ही आधी पाण्याचं तापमान दमट दिवसांपुरतं परत सातवर आणलं आणि कॉइल दोन्ही बाजूंनी धुतली. मजल्यावर दमटपणाचा एक मीटर लावला. सापेक्ष आर्द्रता साठच्या खाली राहतेय हे तीन-चार दिवस पाहिलं. मगच पुठ्ठा काढला, चाप घट्ट केला आणि डॅम्पर थोडा थोडा उघडत प्रत्येक टप्प्याला वाटा मोजला.

हे टप्प्याटप्प्याने करणं फार महत्त्वाचं आहे, कारण डॅम्पर वीस टक्के उघडा म्हणजे वीस टक्के हवा असं मुळीच नसतं. आमच्याकडे पडद्यावर पस्तीस केल्यावर खरा वाटा अठराच्या आसपास आला. दुसऱ्या मशीनवर हाच आकडा बारावर मिळेल. परतीचा डॅम्पर पूर्ण उघडा असेल तर बाहेरच्या हवेला आत यायला जोरच उरत नाही, तोही थोडा मिटावा लागतो. प्रत्येक मशीनचं मोजूनच ठरवा.

दुपारी साडेतीनचा आकडा १,७१० वरून १,०५० वर आला. ठिबक नाही. वहीतली ओळ थांबली.

आणि मग सात महिन्यांनी परत आली

या वेळी डॅम्पर जागेवर होता, चाप घट्ट होता. बदलली होती ती माणसांची संख्या.

इथे थोडा हिशेब करावाच लागेल. ॲश्रेच्या ६२.१ या मानकानुसार ऑफिसात माणशी सेकंदाला २.५ लिटर आणि जागेच्या दर चौरस मीटरला ०.३ लिटर बाहेरची हवा लागते. जागेचा वाटा का, तर फर्निचर, कार्पेट, रंग, प्रिंटर हेही हवेत काही ना काही सोडत असतात. समजा मजला १,००० चौरस मीटर आणि माणसं ५०. मग १२५ अधिक ३००, एकूण ४२५ लिटर, माणशी साडेआठ. बसून काम करणारा माणूस सेकंदाला सुमारे ०.००५२ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. त्याला साडेआठने भागलं की सुमारे ६१० पीपीएम. बाहेरचे ४२० मिळवले की १,०३०. छान.

आता त्याच मजल्यावर टेबलं जवळ सरकवून १०० माणसं बसवली. हवा तीच ४२५. माणशी सव्वाचार लिटर उरली आणि आकडा गेला १,६४० वर. मानकाचं किमान पाळायचं म्हटलं तर ५५० लिटर हवेत. पण गंमत बघा, तेवढी दिली तरी पातळी १,३६० च्या घरात राहते, कारण जागा वाढलेली नाही. म्हणजे मानक पाळूनही दाटीच्या मजल्यावर १,००० चा आकडा मिळत नाही. कुणी "आमचं मानकाप्रमाणे आहे" म्हणालं, तर ते खरं असू शकतं आणि तुमची तक्रारही खरी असू शकते. मी स्वतः माणशी नऊ-दहा लिटर धरतो. शंभर माणसांना ९०० लिटर. तेवढी दमट किंवा गरम हवा थंड करण्याची कॉइलची ताकद आहे का, हे आधी पाहायचं, नाहीतर पुन्हा पुठ्ठा.

ताकद नसेल तर सरळ सांगा की या मजल्यावर इतकीच माणसं बसवता येतील. हे सांगताना मीटरची दोन दिवसांची नोंद हातात असू द्या. नुसतं "हवा पुरत नाही" म्हणणाऱ्या देखभालवाल्याचं कुणी ऐकत नाही.

फक्त एकाच खोलीत त्रास असेल तर

मजला ठीक आणि एकच मीटिंग रूम जड, असं असेल तर मशीनकडे जाऊच नका. छताकडे बघा. मूळ नकाशात तिथे मोकळा हॉल असतो, पुढे कुणीतरी काचेची भिंत उभी करतं. भिंतीच्या एका बाजूला डिफ्युझर राहतो आणि दुसऱ्या बाजूला परतीची जाळी. मी अशी खोली पाहिली आहे जिच्यात हवा येत होती पण जायला वाटच नव्हती. दार लावलं की डिफ्युझरमधून येणारी हवाही मंदावायची. दाराच्या खालची फट वाढवून आणि भिंतीत वरच्या बाजूला एक जाळी बसवून ते भागलं.

चार बाय सहा मीटरची, पावणेतीन मीटर उंचीची खोली घ्या. बारा माणसं दार लावून बसली आणि ताजी हवा अजिबात आली नाही, तर दर दहा मिनिटांत साधारण साडेपाचशे पीपीएम वाढतात. तासाभराच्या मीटिंगमध्ये शेवटच्या मुद्द्यावर कुणाचंच डोकं का चालत नाही, त्यात या हवेचाही हात असतो. अशा खोलीला स्वतःचा सेन्सर आणि स्वतःचा व्हीएव्ही बॉक्स हवा. ते लगेच होणार नसेल तर मीटिंग पन्नास मिनिटांची ठेवा आणि दार उघडं टाका.

सोमवारचा वास

आता त्या सोमवारच्या तक्रारीकडे येऊ. इथे दोनच ठिकाणं आधी पाहायची.

पहिलं, फरशीवरच्या जाळ्या. फ्लोअर ट्रॅपमध्ये, म्हणजे जाळीखालच्या नळीच्या वळणात, पाणी असतं तोवर गटाराची हवा आत येत नाही. जी जाळी कधीच वापरली जात नाही, म्हणजे एएचयू रूममधली, बंद पडलेल्या पँट्रीतली, फायर पंपाजवळची, तिथलं पाणी काही आठवड्यांत उडून जातं. बादलीभर पाणी ओता. त्यावर चमचाभर खनिज तेल टाकलं तर पाणी उडायला जास्त वेळ लागतो. या एका बादलीने सुटलेल्या तक्रारी मी किती पाहिल्या, मोजलेल्या नाहीत.

दुसरं, एएचयूचा ड्रेन पॅन, म्हणजे कॉइलवरून निथळलेलं पाणी झेलणारी परात. यातली मेख समजून घ्या. बहुतेक मशीनमध्ये पंखा कॉइलच्या पुढे असतो आणि हवा ओढतो. त्यामुळे पॅन असतो ती जागा पोकळीच्या दाबाखाली असते. निचऱ्याच्या नळीचा ट्रॅप उथळ असेल तर पंखा त्या नळीतून उलटी हवा ओढत राहतो आणि पाणी पॅनमध्येच अडकतं. पंखा बंद झाला की सगळं एकदम खळखळत निघून जातं. म्हणून मेंटेनन्सवाला पंखा बंद करून पॅन पाहतो तेव्हा तो रिकामा दिसतो आणि तो लिहितो, "निचरा ठीक". पंखा बंद करून ड्रेनच्या तोंडाशी उभे राहा. पाण्याचा लोंढा आला तर ट्रॅप चुकलेला आहे. ५०० पास्कल ओढ म्हणजे जवळपास ५१ मिलिमीटर पाण्याचा स्तंभ. ट्रॅपमधलं पाणी त्याहून थोडं जास्त ओढ पेलू शकेल एवढं हवं.

पॅनमध्ये बोट फिरवा. बुळबुळीत, करडा थर लागला तर तुमच्या वासाचं घर सापडलं. शनिवार-रविवार मशीन बंद, ओल्या कॉइलवर आणि पॅनमध्ये तो थर सुखाने वाढतो, आणि सोमवारी पंखा सुरू झाला की मळक्या मोज्यांचा वास मजलाभर. साफ करा, ट्रॅप सुधारा, आणि सुट्टीआधी थंड पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करून पंखा एक-दोन तास चालू ठेवा म्हणजे कॉइल सुकेल. बाहेर फार दमट असेल तेव्हा ताज्या हवेचा डॅम्पर मिटून हे करा, नाहीतर सुकवायला गेलात आणि भिजवून आलात असं होईल. आणि सोमवारी माणसं यायच्या आधी डॅम्पर उघडेल अशी वेळ लावून ठेवा. ही वेळ विसरली की पुढची कोंदट तक्रार तिथूनच जन्माला येते.

इमारत हवा आत ओढते का?

मुख्य दार बोटभर उघडा आणि फटीत टिश्यू पेपरची पट्टी धरा. ती बाहेर झुकली तर बरं, आतून बाहेर थोडा दाब आहे. आत झुकली तर इमारत चहूबाजूंनी हवा ओढतेय: पार्किंगमधून लिफ्टच्या वाटेने, टॉयलेटमधून, भिंतींच्या फटींतून. ही हवा फिल्टरमधून येत नाही आणि कॉइलवरूनही येत नाही. पुठ्ठा लागलेला असताना आमच्याकडे नेमकं हेच होत होतं. एक्झॉस्ट पंखे जोरात आणि ताजी हवा बंद, मग पोकळी भरायला काहीतरी येणारच. असं दिसलं की लोकांचा हात पहिल्यांदा एक्झॉस्ट बंद करायला जातो. तो बंद करू नका. ताजी हवा वाढवा.

फिल्टरबद्दल थोडंच

फिल्टर कार्बन डायऑक्साइड अडवत नाही. वासही साधा फिल्टर अडवत नाही. तो धुळीसाठी आणि बारीक कणांसाठी आहे, आणि तिथे तो खरंच कामाचा. बाहेर धूर-धूळ असेल तिथे मर्व्ह या फिल्टरच्या मोजपट्टीवर १३ दर्जाचा फिल्टर घ्यावा. तो ०.३ ते १ मायक्रॉन आकाराचे निदान निम्मे कण धरतो. पण मशीन त्याचा अडथळा पेलतं का ते आधी बघा. जुन्या पंख्याला जाड फिल्टर लावला की एकूण हवाच कमी होते आणि तुम्ही पुन्हा कोंदटपणाकडे. फिल्टरच्या दोन्ही बाजूंना दाबाचा गेज लावा आणि तारखेवरून न बदलता गेजवरून बदला. आणि चौकटीभोवतीच्या फटी बंद करा. बोटभर फट राहिली तर हवा फिल्टर सोडून तिथूनच जाते.

डिफ्युझरभोवती छतावर काळे पट्टे दिसले की लोक म्हणतात, डक्ट घाण आहे. बऱ्याचदा ती खोलीतलीच धूळ असते. डिफ्युझरमधून सुटणारी हवा आजूबाजूची हवा खेचते आणि ती धूळ छतावर घासत जाते. डक्ट उघडून आत पाहिल्याशिवाय सफाईचं काम देऊ नका.

ओझोन सोडणारी यंत्रं माणसं असलेल्या जागेत लावू नका. ओझोन फुप्फुसाला बाधतो. शिवाय लिंबाच्या वासाच्या सुगंधी फवाऱ्यातल्या रसायनांशी त्याची क्रिया होऊन फॉर्मल्डिहाइड तयार होतं.

जिथे थांबून वरच्यांना कळवायचं

डोकेदुखीसोबत मळमळ, चक्कर, आणि इमारतीत बॉयलर, जनरेटर किंवा बंदिस्त पार्किंग असेल, तर हा कोंदटपणा समजू नका. कार्बन मोनॉक्साइडचा मीटर वेगळा असतो आणि या वायूला वास नसतो. आधी माणसं बाहेर काढा.

तसंच, एकाच इमारतीतल्या दोघा-तिघांना काही दिवसांत न्यूमोनिया झाला, तर आरोग्य खात्याला कळवायचं आणि कूलिंग टॉवरच्या पाण्याची तपासणी करायची. १९७६ मध्ये फिलाडेल्फियातल्या एका हॉटेलात भरलेल्या अधिवेशनानंतर दोनशेहून जास्त जण आजारी पडले. त्याला कारणीभूत असलेला लिजिओनेला हा जीवाणू पुढच्या वर्षी ओळखला गेला. कोमट, साचलेलं पाणी त्याला मानवतं आणि टॉवरच्या तुषारांतून तो पसरतो. ॲश्रेच्या मानकात टॉवरच्या हवा बाहेर टाकणाऱ्या तोंडापासून ताजी हवा घेणारी जाळी निदान २५ फूट लांब ठेवायला सांगितलं आहे. गच्चीवर जाऊन एकदा टेप लावून मोजा. नंतर वाढवलेले टॉवर बऱ्याचदा जिथे जागा मिळाली तिथे बसवलेले असतात.

आमच्या त्या एएचयूच्या दारावर आता प्लॅस्टिकच्या पाकिटात एक कार्ड लटकतंय. त्यावर डॅम्परची मोजून ठरवलेली जागा, त्या दिवशीचे तीन आकडे, चिलरच्या पाण्याचं तापमान, आणि मजल्यावर किती माणसं होती ते लिहिलं आहे. खाली रिकाम्या ओळी आहेत: कुणी काय बदललं, का बदललं, केव्हा परत करणार. त्यातली पहिली ओळ रात्रपाळीच्या त्या ऑपरेटरनेच भरली: "डॅम्पर ३५ वरून २५. कोपऱ्यात ठिबक. चिलर एक बंद आहे. उद्या सुरू झाला की परत ३५." दुसऱ्या दिवशी त्यापुढे बरोबरची खूण आणि वेळ: ११.२०.